गांगुर्डेबाईंचा प्रयोग

आमच्या शाळेच्या शिक्षक-खोलीत खिडकीकडच्या टोकाला दोन खुर्च्या होत्या. एकीत गांगुर्डेबाई बसत आणि दुसरी बहुतेक रिकामी असे. नवीन लागलेल्या माणसाला ती मिळायची. आठ-पंधरा दिवसांत त्या माणसाला खिडकीतून वारा लागायला लागायचा, किंवा कपाटाजवळ उजेड चांगला येतो असा शोध लागायचा, आणि खुर्ची पुन्हा मोकळी व्हायची. नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. मी नाशिकरोडच्या त्या शाळेत मराठी शिकवायला लागले आणि शिपाईमामांनी मला थेट त्या खुर्चीकडे नेलं. खोलीतल्या सगळ्यांनी एकदम वह्या तपासायला घेतल्या. मी बसले, आणि बाई शाळा सोडून जाईपर्यंत तिथेच बसले. यात माझा काही मोठेपणा नव्हता.

"नाव?" बाईंनी मान वर न करता विचारलं.

"देवरे."

"विषय?"

"मराठी."

"म्हणजे तुम्हाला पुरावा लागत नाही. मजा आहे."

हे आमचं पहिलं संभाषण. बाई विज्ञान शिकवायच्या आणि "पुरावा?" हा त्यांचा शब्द होता. पाऊस येईल असं कुणी म्हटलं तरी पुरावा, पगार लांबणार म्हटलं तरी पुरावा. दुसरा शब्द होता "बरं". एखादी मुलगी म्हणायची, "बाई, वही घरी राहिली." बाई तिच्याकडे शांतपणे बघायच्या आणि म्हणायच्या, "बरं." आवाज चढवणं नाही, शिक्षा नाही. पण त्या "बरं"चा अर्थ अख्ख्या वर्गाला ठाऊक होता: माझा तुझ्यावर विश्वास बसलेला नाही, तरी तू बस. मुलं छडीला भ्यायची नाहीत एवढी त्या "बरं"ला भ्यायची.

बाई उंच, सावळ्या, रुंद जबड्याच्या. खळ केलेली फिकी सुती साडी, आणि खांद्यावरच्या पिनेत अडकवलेली आणखी एक पिन, कुणाला लागली तर. घरी बुद्धाची तसबीर, नवरा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ऑपरेटर, एकच मुलगी. नाशिकरोडच्याच एका वसाहतीत दोन खोल्यांचं घर. त्या घरातून शिकून वर आलेल्या बाईचा ताठा त्यांच्या पाठीच्या कण्यात होता. मला तो फार आवडायचा, आजही आठवला की आवडतो.

त्यांना वास येत नसे. हे त्या स्वतःच सांगायच्या, जरा फुशारकीनेच. प्रयोगशाळेत अमोनियाची बाटली त्या नाकाखाली धरून पापणीही न लववता उभ्या राहायच्या आणि पहिल्या बाकावरच्या मुलांना विचारायच्या, "सांगा, वास कसा आहे? मला तुमच्यावरच अवलंबून राहायचंय." मुलांना वाटायचं बाई फार शूर आहेत. "लहानपणापासून असंच आहे," त्या मला म्हणाल्या होत्या. "एक इंद्रिय कमी, तेवढी कटकट कमी. दूध करपतं, एवढंच."

त्यांचा पृष्ठताणाचा तास बघायला मी एकदा मुद्दाम मागे जाऊन बसले होते. काचेच्या भांड्यात पाणी, पाण्यावर अलगद ठेवलेली शिवणाची सुई. सुई तरंगते. "पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून आहेत," बाई म्हणाल्या, "वरती जणू कातडं ताणलंय." मग रात्रभर भिजवलेल्या रिठ्याचं पाणी त्यांनी काडीने थेंबभर सोडलं. सुई गपकन बुडाली. मुलं ओरडली. "रिठ्याच्या कणाचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, दुसरं तेलाकडे. तो दोघांच्या मध्ये जाऊन उभा राहतो आणि पकड सैल करतो. मळ म्हणूनच सुटतो. असा कुणीतरी मध्ये शिरल्याशिवाय चिकटलेलं सुटत नाही, काय?" त्या साबण वापरत नसत. रिठा मुलांच्या घरात असतो, साबणाचा डबा बघून मुलांना वाटतं विज्ञान दुकानात मिळतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

आता खुर्चीचं. बाईंना ती रिकामी खुर्ची दिसत नव्हती असं नाही. सहलीच्या बसमध्ये त्यांच्या शेजारी कोणी बसत नसे. त्या डबा उघडायच्या तेव्हा समोरच्यांना तास आठवायचे. त्याचा अर्थ त्यांनी त्यांच्या परीने लावला होता, आणि तो लावायला त्यांच्याजवळ लहानपणापासूनचे पुरावे होते. आमच्या चित्रकलेच्या सरांचंच घ्या. बाईंनी शिक्षक-खोलीतल्या माठातून पाणी घेतलं की त्या दिवशी सरांना तहान लागायची नाही. घरून आणलेली बाटली संपली तर ते नळावर जायचे, माठाला हात लावायचे नाहीत. बाई हे बघायच्या, मीही बघत होते.

माझ्या पहिल्याच वर्षी, दिवाळीनंतरच्या शिक्षक-सभेत बाई उभ्या राहिल्या. मुख्याध्यापक सज्जन गृहस्थ होते. इतर विषय संपवून ते चष्मा डब्यात घालत होते.

"सर, एक विषय राहिला," बाई म्हणाल्या. "माझ्या शेजारी माणसं का बसत नाहीत, हे मला आज या सभेत कुणीतरी सांगावं. मोठ्याने सांगावं. मला ऐकायची सवय आहे."

मुख्याध्यापकांनी टेबलाकडे पाहिलं. संस्कृतच्या बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली.

"बरं," बाई म्हणाल्या आणि बसल्या.

मला त्या क्षणी सगळ्यांचा असा राग आला की सांगता सोय नाही. दुसऱ्या दिवसापासून मंडळी घाबरून आळीपाळीने बाईंजवळ बसायला लागली. पण बसली की थोड्या वेळाने त्यांचा रुमाल नाकाकडे जायचा. बाईंना तो रुमाल दिसायचा. तो त्यांना सगळ्यात मोठा पुरावा वाटला, आणि मलाही.

त्या संक्रांतीला माझ्या सासूबाई वणीजवळच्या आमच्या गावाहून नाशिकरोडला राहायला आल्या. निम्म्या पिशवीत भाजीपाला आणि निम्म्या पिशवीत गावाच्या खबरी. रविवारी बाई घरी आल्या. सासूबाईंनी त्यांना पलंगावर बसवलं, स्वतः अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसल्या आणि कोथिंबिरीची जुडी त्यांच्या नाकाशी नेली.

"बघ गं, कसा वास सुटलाय. सकाळीच उपटली."

"मला वास येत नाही, आजी."

"कवापासनं?"

"लहानपणापासून."

सासूबाईंनी जुडी खाली ठेवली. "डोकं दुखतं? नाकात खपल्या धरत्यात?"

"हो. सर्दीच्या."

"सर्दी नाय ती. पीनस हाय तुला, पोरी. माझ्या नंदेला व्हता. तिला बी वास येत नव्हता, आन दुसऱ्याला मातुर तिचा यायचा. ज्याला व्हतो त्याला कळत नाय, असला वाईट रोग हाय त्यो."

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. मला वाटलं, जमीन फाटावी.

"माझा वास येतो?" बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज अगदी वर्गातला होता.

"येतो ना. दारातनं आत आली तवाच आला."

"फार?"

"लय येतो. पन त्यात तुझा काय गुन्हा? तुला कोनी सांगितलं नाय का आजवर?"

एखाद्याच्या साडीचा काठ उसवलाय हे सांगावं तितक्या साधेपणाने सासूबाईंनी हे सांगितलं. बाईंच्या गुडघ्यावरचा हात त्यांनी काढला नाही, सरकूनही बसल्या नाहीत. पुढे आयुष्यभर बाई म्हणायच्या की त्या हातामुळे मी त्या दिवशी पलंगावरून पडले नाही.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "देवरे?"

"मला खरंच माहीत नव्हतं, बाई. माझं नाक तुम्हाला माहितीये."

हे खरं होतं. धुळीने म्हणा, कशाने म्हणा, मला बारमाही सर्दी. दोन्ही नाकपुड्या चोंदलेल्या, तोंडाने श्वास, आवाज मडक्यातून आल्यासारखा. घरात गॅस उघडा राहिला तर मला कळत नसे. वर्गात मुलं माझी नक्कल करायची.

बाईंनी मनातल्या मनात हिशेब जुळवला. "म्हणजे तू त्या खुर्चीवर टिकलीस ती सर्दीमुळे."

"तुम्ही मला आवडता म्हणूनही."

"ते नंतर. आधी सर्दी."

"हो," मी म्हटलं.

त्यावर त्या हसल्या, आणि हसता हसता जे रडू फुटलं ते थांबेना. सासूबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मी ट्रे खाली ठेवला आणि आत जाऊन उगाच भांडी लावत बसले, कारण मलाही रडू येत होतं आणि ते माझं रडू नव्हतं.

घरी गेल्यावर बाईंनी नवऱ्याला विचारलं. एकनाथराव अबोल माणूस. रोज सकाळ-संध्याकाळ बुद्धाच्या तसबिरीपुढे उदबत्त्या लावायचे, एक नाही, चांगल्या चार-चार. ड्यूटीवरून आले की आधी म्हणायचे, "माझ्या कपड्यांना फार वास मारतोय, तुला कळत नाही एवढंच." मग आंघोळ आणि मग उदबत्त्या. बाई त्यांना चिडवायच्या की तुमच्यापेक्षा तथागतांचाच श्वास जास्त कोंडत असेल. त्या दिवशी त्यांनी विचारलं तेव्हा एकनाथरावांनी हातातली उदबत्त्यांची पुडी खाली ठेवली. मग म्हणाले, "तू बाहेर सगळ्यांशी भांडत होतीस. ते भांडण खोटं नव्हतं. त्यात मी हे कुठल्या तोंडाने सांगू?"

हे मला बाईंनीच सांगितलं. "माझ्या घरात इतकी वर्षं उदबत्त्या जळत होत्या, देवरे, आणि मी त्याला भक्ती समजत होते."

"भक्तीच होती ती," मी म्हटलं.

"पुरावा?" त्या म्हणाल्या, पण त्यांना तो नको होता.

सोमवारी मधल्या सुट्टीत त्या शिक्षक-खोलीत उभ्या राहिल्या. "मला पीनस नावाचा आजार आहे. त्याचा वास येतो. तुम्हा सगळ्यांना येत होता. मी विचारलं तेव्हा तुम्ही गप्प का बसलात?"

संस्कृतच्या बाई रडायलाच लागल्या. "कसं सांगणार होतो हो तुम्हाला? तुम्हाला वाटलं असतं..."

"काय वाटलं असतं? म्हणा ना."

"की आम्ही जातीवरून..."

"तेच वाटलं असतं," बाई म्हणाल्या. "बरोबर आहे तुमचं." मग त्यांनी सगळ्या खोलीवरून एकदा नजर फिरवली. "पण आता माझी पंचाईत बघा. कोण नुसतं नाकामुळे उठत होतं आणि कोण नाकाच्या आडून उठत होतं, हे मला आता कधीच कळणार नाही. एकट्या चित्रकलेच्या सरांचं मला माहीत आहे. माठाला नाक नसतं." सर उठून बाहेर गेले, आणि कुणीही हसलं नाही.

मग डॉक्टर. नाशकात शालिमार चौकाजवळ एक कान-नाक-घशाचे डॉक्टर होते, तरुण आणि बोलके. त्यांच्याकडे मीच बाईंना घेऊन गेले. नाकात दिवा टाकून त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, आतलं अस्तर सुकून पातळ झालंय, नाकाची पोकळी रुंद झालीये, त्यात खपल्या साचतात आणि कुजतात. पूर्ण बरं होईलच असं नाही. मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याने रोज धुवायचं, मग ग्लिसरीनचे थेंब टाकायचे, आणि हे सोडायचं नाही. बाईंनी अर्थातच कारण विचारलं. कारण नीट कुणालाच माहीत नाही, हे सांगून डॉक्टर म्हणाले, "निरोगी नाकात शेंबूड चिकटून बसत नाही, वाहता राहतो. त्या ओल्या थरात शरीर स्वतःच साबणाच्या जातीचे पदार्थ मिसळत असतं. फुप्फुसात असतात हे तर पक्कं माहीत आहे, ते नसले तर श्वासाचे फुगे मिटून जातील. नाकाच्या अस्तरातही तसेच असतात असं आता वाचायला मिळतंय. ते ताण कमी करतात, जंतूंनाही धरतात. जुनाट आजारात ही सगळी व्यवस्थाच बिघडते."

बाईंचा चेहरा उजळला. आजाराची बातमी ऐकून इतकं खूश झालेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. बाहेर आल्यावर रस्त्यातच थांबून त्या म्हणाल्या, "म्हणजे माझ्या नाकातला रिठा संपलाय, देवरे! जन्मभर वर्गात शिकवते आहे आणि स्वतःच्या नाकात सुई तरंगतेय."

धुण्याने फरक पडला. पण किती, हे बाईंना कसं कळणार? त्यांचं नाक त्यांना सांगत नव्हतं. एकनाथरावांना विचारलं तर ते "काही नाही, काही नाही" म्हणायचे आणि उदबत्ती लावायचे. सासूबाई गावाला परत गेल्या होत्या. "मला एक प्रामाणिक नाक पाहिजे," बाई म्हणायच्या, आणि माझ्या चोंदलेल्या नाकाकडे बघून कपाळाला हात लावायच्या.

काही वर्षांनी त्याच डॉक्टरांनी माझ्या नाकातले मांसाचे फुगे काढले. पट्ट्या निघाल्यावर काही दिवसांनी मला वास यायला लागले: कॉफीचा, ओल्या फडक्याचा, नव्या वह्यांचा. मी वेड्यासारखी घरभर हुंगत फिरत होते. शाळेत रुजू व्हायच्या दिवशी मात्र शिक्षक-खोलीच्या दाराशी मी दोनदा थांबले. बाई आधीच येऊन बसल्या होत्या. दोन्ही हात टेबलावर, वर्गातल्या मुलीसारखे.

"बस," त्या म्हणाल्या. "आता तुझं नाक उघडलं."

मी बसले. तो वास कसा होता हे मी लिहिणार नाही. आपण एका माणसाला इतकी वर्षं ओळखतो आणि त्याच्याबद्दल साऱ्या खोलीला ठाऊक असलेली गोष्ट आपल्याला पहिल्यांदा कळते, असं काहीसं झालं. बाई माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

"येतो, बाई," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. "शाबास. आता तुझ्यावर विश्वास बसला."

तेव्हापासून आमची एक रीत पडली. आमच्या दोघींच्या मध्ये खडूचा डबा असायचा. बाई आल्या की डोळ्यांनी विचारायच्या. वास नसेल तर डबा जागेवर. असेल तर मी डबा त्यांच्याकडे सरकवायची, काही न बोलता, वह्या तपासता तपासता. मग त्या प्रयोगशाळेत जाऊन नाक धुऊन यायच्या. खोलीतल्या कुणाला हे कधी कळलं नाही. हळूहळू डबा जागेवरच राहायला लागला. एक दिवस तर संस्कृतच्या बाई आपली खुर्ची ओढत आमच्याकडे येऊन बसल्या आणि तासभर बसल्या. बाईंनी त्या दिवशी मला सामोसा खाऊ घातला.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण मुख्याध्यापक निवृत्त व्हायची वेळ आली. ज्येष्ठतेने नंबर बाईंचा होता. तरी संस्थेच्या लोकांनी मुलाखतींचा घाट घातला, दोघांना बोलावलं, बाईंना आणि चित्रकलेच्या सरांना. कारण कोणी सांगितलं नाही.

मी चिडले. बाई मात्र शांत होत्या. काचेच्या भांड्यासमोर त्यांच्या डोळ्यांत असायची ती चमक मला दिसली.

"अगं, हा तर प्रयोग आहे," त्या म्हणाल्या. "प्रयोगात काय करतात? एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. मी नाकाचा वास काढून टाकणार. अगदी शून्य. मग त्यांनी मला नाकारलं, तर मला कळेल कशामुळे. आणि घेतलं, तरी कळेल. आयुष्यात एकदा तरी, देवरे, मला नुसतं कळायला हवंय."

"पद नको?"

"पद मिळालं तर घेईन की. पण उत्तर पाहिजे."

त्यासाठी त्यांनी जे केलं ते मला आधी कळलं असतं तर मी त्यांचे हात धरले असते. मीठ-सोड्याच्या पाण्यात रिठ्याचा थेंब टाकून त्या मधूनमधून नाक धुवायच्या. खपल्या झटकन सुटतात, हे त्यांना दिसलं होतं. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते भडकले होते. "बाई, रिठा केसांना लावा. शरीर आपला साबण मापात सोडतं. हा बाहेरचा मळाबरोबर अस्तरही सोलतो." बाई त्यांना "बरं" म्हणून आल्या होत्या. मुलाखतीच्या सकाळी त्यांनी ते पाणी नेहमीपेक्षा पुष्कळ कडक केलं. एकही खपली राहायला नको, कणभर शंका राहायला नको.

मुलाखतीआधी त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. डोळे लाल होते. मी म्हटलं, "रडलात?" म्हणाल्या, "चुरचुरतंय जरा." त्यांनी डब्याकडे पाहिलं. मी डबा हलवला नाही. खरंच काही वास नव्हता, नावालाही नव्हता. त्या उठल्या, पदर सारखा केला आणि गेल्या. खळ केलेली, मोत्याच्या रंगाची साडी होती.

आत काय झालं ते त्यांनीच मला नंतर सांगितलं. पहिले दोन प्रश्न चांगले गेले. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना ओठावर काहीतरी कोमट लागलं. त्यांना वाटलं घाम. समोरच्या गृहस्थांचे डोळे मोठे झाले तेव्हा त्यांनी खाली पाहिलं. नाकातून रक्ताची धार लागली होती आणि साडीवर उतरत होती. मग सगळे उठले. कुणी पाणी आणलं, कुणी पंखा वाढवला, कुणी स्वतःची खुर्ची मागे झुकवून त्यांना टेकवलं. फार चांगले वागले सगळे. एका गृहस्थांनी तर स्वतःचा रुमाल त्यांच्या नाकाला लावला.

पद सरांना मिळालं. बाईंना निरोप आला की आपली योग्यता वादातीत आहे, परंतु प्रकृतीचा विचार करून हा भार आपल्यावर टाकणं समितीला योग्य वाटलं नाही.

मी म्हटलं, "अपील करा. जिंकाल."

"जिंकेन," बाई म्हणाल्या. प्रयोगशाळेच्या मोरीजवळ उभ्या राहून त्या रिठे कचऱ्याच्या डब्यात टाकत होत्या. "पण कळेल का? एक गोष्ट काढायला गेले आणि दुसरी आत घुसवली. पोरांना मी हेच सांगते, असं करायचं नाही. रक्त आलं नसतं तर त्यांना काय कारण सापडलं असतं, ते मला ऐकायचं होतं. तेच वाहून गेलं." शेवटचा रिठा त्यांनी डब्यात टाकला. "प्रयोग फसला, देवरे." एवढं बोलून त्या तिथेच खाली बसल्या. मी शेजारी बसले. मोरीजवळची फरशी ओली होती आणि आमच्या दोघींच्या साड्या भिजल्या, तरी किती वेळ कुणी उठलं नाही. बाईंना हरलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं, आणि ते आठवलं की आजही माझा जीव तुटतो.

त्यानंतर बाईंनी सुईचा प्रयोग वर्गात केला नाही. फळ्यावर आकृती काढून सांगायच्या. नाक डॉक्टरांनी सांगितलं तसंच धुवायच्या. वय वाढलं तसा आजार आपोआपच ओसरला, कधीकधी होतो असं डॉक्टर म्हणाले. खडूचा डबा वर्षानुवर्षं जागचा हलला नाही. बाई मात्र रोज त्याच्याकडे पाहून मगच बसायच्या.

त्या निवृत्त झाल्या आणि थोड्याच काळाने एकनाथराव गेले, झोपेत. मी भेटायला गेले तेव्हा घर उदबत्त्यांच्या धुराने भरलेलं होतं. बाई तसबिरीपुढे नवीन चार लावत होत्या. "मला काय कळतंय वास येतो की नाही ते," त्या म्हणाल्या. "पण हे लावायचे ना."

मुलगी औरंगाबादला होती. ती एकटीला राहू देईना. घर आवरून बाई निघाल्या त्या सकाळी मी बसस्थानकावर पोहोचवायला गेले. सामान मुलीने आधीच नेलं होतं. बाईंजवळ एक पिशवी आणि ती तसबीर, तीही पिशवीत न घालता हातात धरलेली. निघताना त्यांनी मला घट्ट मिठी मारली. साबण, खळ आणि उदबत्ती, बाकी काही नाही. त्या खिडकीजवळ बसल्या, तसबीर मांडीवर, सगळ्यांना दिसेल अशी. मी खाली उभी राहिले.

लेकराला घेऊन एक तरुण बाई चढली आणि त्यांच्या शेजारी बसली. बाईंनी तिच्याकडे बघून हसून जरा सरकून जागा करून दिली. दोन मिनिटं गेली असतील. त्या तरुण बाईने इकडेतिकडे पाहिलं, लेकरू उचललं आणि उठून पलीकडच्या रांगेत जाऊन बसली.

बाईंचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे माझ्याकडे वळले. त्यांनी खिडकीच्या गजांमधून हात बाहेर काढला आणि बोटांनी काहीतरी सरकवल्यासारखं केलं. खडूचा डबा. भुवया वर.

मी मान हलवली. नाही बाई. काही नाही. ते खरं होतं आणि त्यांच्याशी मी खोटं बोलत नसे.

त्यांनी हळूच मान डोलावली. मांडीवरच्या तसबिरीकडे एकदा पाहिलं आणि ताठ बसल्या. इतक्या वर्षांनी त्यांना उत्तर मिळालं होतं, आणि ते मी दिलं होतं.

बस सुरू झाली आणि सरळ मागे सरली. तेव्हा मला दिसलं. बाईंच्या बाजूच्या सगळ्या खिडक्यांमधून सकाळचं ऊन थेट आत येत होतं. ती तरुण बाई पलीकडे सावलीत बसून लेकराचे डोळे पदराने पुसत होती. मी धावले. "ऊन, बाई! ऊन होतं!" मी ओरडले. बाईंनी कानामागे हात धरला, काही ऐकू आलं नाही अशी मान हलवली, आणि मी तब्येतीला जपा म्हणत असेन असं समजून हात हलवला. त्यांना मी पाहिलं ते तेवढं शेवटचं. पुढच्या हिवाळ्यात त्या गेल्या.

पण बस गेली त्याच दिवशी संध्याकाळी मी औरंगाबादला फोन लावला होता. मुलीने त्यांच्या हातात दिला. पोहोचलात का, जेवलात का, हे झालं. मग मी म्हटलं, "बाई, ती बसमधली बाई उन्हामुळे उठली. लेकराच्या तोंडावर ऊन येत होतं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

मी वाट बघत होते, त्या पुरावा मागतील म्हणून.

"बरं," बाई म्हणाल्या.